करार, कौल आणि ब्रीद : ईश्वराच्या वचनपालनाची मराठी परिभाषा

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे कापूस पिकविणाऱ्या मुलखातले गाव आहे. अशा गावात ‘करार’ ही वस्तू कोणी ग्रंथातून शिकत नाही. गुढीपाडवा आला की सालगड्याचे साल पुरे होते. धनी आणि गडी समोरासमोर बसतात, वर्षाचे पैसे आणि धान्य यांची बोली होते. पटले तर तोच गडी आणखी एक साल राहतो, न पटले तर तो दुसऱ्याचा बैल हाकू लागतो आणि धन्याच्या वाड्यावर दुसरा गडी येतो. यात कोणी कोणाचा विश्वासघात केला असे गाव मानीत नाही. मुदत सरली, जुने मिटले, नवे ठरले, एवढाच त्याचा अर्थ.

ज्याचा कान या व्यवहारावर घडला आहे अशा श्रोत्यापुढे पवित्र शास्त्राचे दोन भाग ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ या नावांनी ठेवले, तर त्याला काय ऐकू येईल? एका धन्याने एका गड्याशी साल ठरविले होते. गड्याने नीट काम केले नाही. धन्याने त्याला रजा देऊन दुसरा लावला. इस्राएल गेला, ख्रिस्तमंडळी आली. हा अर्थ श्रोत्याच्या अज्ञानातून निघत नाही, शब्दाच्या रूढीतून सरळ निघतो. आणि तो मान्य केला तर ज्या ईश्वराच्या वचननिष्ठेवर सगळे ख्रिस्ती प्रवचन उभे राहते, तीच निष्ठा पहिल्या पानावर शंकास्पद होते. ज्याने पहिल्या गड्याला काढले, तो दुसऱ्याला काढणार नाही कशावरून? परिभाषेचा हा प्रश्न म्हणूनच केवळ कोशकाराचा राहत नाही.

मूळ हिब्रू शब्द ‘बेरीथ’. त्याच्याशी जोडून येणारे क्रियापद ‘कापणे’ असे आहे. बेरीथ करीत नाहीत, कापतात. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात या विचित्र प्रयोगाचे चित्र सापडते. अब्राहाम पशू कापून त्यांचे अर्ध समोरासमोर मांडतो. बांधिलकी पत्करणाऱ्याने त्या दोन रांगांमधून चालत जायचे आणि वचन मोडले तर आपली गत या पशूंसारखी होवो असे कृतीने कबूल करायचे, हा त्या विधीचा भाव होता. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात वचन मोडणाऱ्यांना दिलेल्या शापावरून तो उघड होतो. परंतु उत्पत्तीच्या त्या रात्री अब्राहाम गाढ निद्रेत आहे. रांगांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल. म्हणजे स्वतः ईश्वर. दुसरा पक्ष चालतच नाही. शाप अंगावर घेणारा एकटा ईश्वर आहे. याला दोन पक्षांचा करार म्हणणे हा घटनेचा अर्थ अर्ध्यावर सोडणे होय.

अर्थात सर्वच बेरीथ या जातीचे नाहीत. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी लोक नियमशास्त्र ऐकतात, पाळण्याची कबुली देतात, आणि मग रक्त वेदीवर व लोकांवर शिंपडले जाते. तेथे दोन पक्ष आहेत, अटी आहेत, मोडल्यास परिणाम आहेत. ‘करार’ हा शब्द तेथे अंगाला बरोबर बसतो. मराठी परिभाषेची अडचण अशी की सीनायच्या मापाने शिवलेला अंगरखा तिने अब्राहामालाही घातला.

ही अडचण मराठीच्या आधी ग्रीक भाषेला आली होती. ख्रिस्तपूर्व काळात हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा समान पक्षांच्या करारासाठी ‘सुन्थेके’ हा सरळ शब्द उपलब्ध होता. भाषांतरकारांनी तो टाळून ‘दियाथेके’ घेतला. व्यवहारात त्याचा अर्थ मृत्युपत्र, म्हणजे एकाने केलेली आणि दुसऱ्याने फक्त स्वीकारावयाची व्यवस्था. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अक्विलासारख्या अक्षरनिष्ठ भाषांतरकाराने पुन्हा ‘सुन्थेके’कडे वळून पाहिले, पण तोवर नव्या शास्त्राने ‘दियाथेके’ आपलासा केला होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय तर या शब्दाच्या दुहेरी अर्थावरच युक्तिवाद रचतो : मृत्युपत्र करणारा मेल्यावाचून ते अमलात येत नाही. मराठीत येथे ‘करार’ पुरत नाही. ‘मृत्युपत्र’ असा दुसरा शब्द आणावा लागतो आणि मूळ युक्तिवादाचा सांधा निखळतो. हा दोष भाषांतरकाराच्या आळसाचा नव्हे. परंतु शब्द निवडताना एक दार उघडले की दुसरे बंद होते, याचे असे स्पष्ट उदाहरण विरळाच.

‘करार’ या शब्दाला तरी न्याय दिला पाहिजे. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबी मुळाचा अर्थ व्यवहार असा नाहीच. स्थिर होणे, ठिकाणी बसणे, विसावणे असा आहे. ‘मुक्रर’ हा त्याचाच भाऊ. हिंदुस्थानी गीतांमधून प्रत्येकाच्या कानावर आलेला ‘बेकरार’ हा शब्द ती मूळची छटा अजून जपून आहे; करार नसलेला म्हणजे कागद नसलेला नव्हे, मनाला ठिकाण नसलेला. आता हिब्रूत ईश्वराच्या निष्ठेसाठी येणारा शब्द ‘एमूना’ पाहावा. ‘आमेन’ ज्या धातूपासून झाला त्यापासूनच तो झाला आहे, आणि त्याचाही मूळ अर्थ स्थैर्य हाच. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात अमालेकाशी लढाई चालू असता मोशेचे हात थकतात, अहरोन आणि हूर ते दोन बाजूंनी धरून ठेवतात, आणि सूर्यास्तापर्यंत ते हात ‘एमूना’ राहतात. म्हणजे ढळत नाहीत. ईश्वराची निष्ठा ही आधी न ढळण्याची गोष्ट आहे, प्रामाणिकपणाची नंतर. त्या दृष्टीने ‘करार’ हा शब्द आपल्या मुळापाशी अगदी जवळचा होता. मामलेदार कचेरीत आणि कापसाच्या बाजारात वापरून वापरून त्याचे ते पाणी उतरले.

‘विश्वासू’ या विशेषणाची गोष्ट याहून अवघड आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ईश्वराला ते लावण्याची रूढी आहे. पण मराठी माणूस विश्वासू कोणाला म्हणतो? नोकराला, कारकुनाला, मुनिमाला. धनी कधी विश्वासू नसतो; विश्वासू असणे हे ज्याच्यावर विश्वास टाकायचा त्या खालच्या माणसाचे गुणविशेषण आहे. राजा ‘सत्यवचनी’ असतो, ‘एकवचनी’ असतो. रामाला विश्वासू म्हटले तर ऐकणारा हसेल. उलट ‘सत्यवचनी’ म्हणावे तर दशरथ आणि हरिश्चंद्र डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्या कथांमध्ये वचन पाळणे ही एक आपत्ती आहे. वचन दिले म्हणून पुत्र वनात जातो. वचन दिले म्हणून पत्नी विकली जाते. वचन देणारा त्या वचनाचा कैदी होतो. बायबलमधील ईश्वर आपल्या वचनात सापडलेला नाही. तो ते देतो तेव्हा त्यातच त्याचा स्वभाव प्रकट होतो, आणि होशेयच्या ग्रंथात तर लोकांनी संबंध पार मोडल्यावर, पुत्राचे नाव ‘माझे लोक नव्हेत’ असे ठेवून झाल्यावर, तो स्वतःच पुन्हा बोलावू लागतो. या अधिकच्या निष्ठेला हिब्रूत ‘हेसेद’ म्हणतात. ‘दया’ हे त्याचे रूढ भाषांतर बरेचसे निसटते. दया परक्यावरही करता येते. हेसेद नात्यातल्याच माणसाशी असते.

मराठी दप्तरांमध्ये मात्र ‘दियाथेके’च्या जवळ जाणारा एक शब्द होता : ‘कौल’. ओस पडलेल्या गावाची पुन्हा वसाहत करायची असली की सरकार कौल देई. रयतेने यावे, जमीन लागवडीला आणावी. अमुक वर्षे धारा सूट राहील, पुढे क्रमाने चढेल. कोणाचा उपसर्ग लागणार नाही. परागंदा झालेल्यांना परत बोलावण्यासाठी अभयपत्रे निघत. रयतेने येथे काही देऊ केलेले नसते. ती पळालेली असते, भ्यालेली असते. आश्वासन वरून येते आणि ते ऐकून माणसे परत येऊ लागतात. अरबी ‘कौल’चा अर्थच ‘शब्द’, ‘बोल’ असा आहे. म्हणजे ‘वचन’चे ते जुळे भावंड. यशयाच्या उत्तरार्धात उजाड यरुशलेमला पुन्हा वसविण्याची जी घोषणा आहे, तिचा सूर करारनाम्याचा नसून कौलनाम्याचा आहे, असे म्हणण्यास काही हरकत दिसत नाही.

तरीही हा शब्द शास्त्रात गेला नाही, यात नवल नाही. सरकारचा कौल फिरतो हे रयतेला ठाऊक होते. शिवाय कोकणात देवाला फुले लावून कौल मागण्याची चाल असल्याने मिशनरी भाषांतरकाराला तो शब्द मूर्तिपूजेचा वास येणारा वाटला असणे शक्य आहे. आज तर निवडणुकीचा निकाल म्हणजे जनतेचा कौल, एवढाच त्याचा सार्वजनिक अर्थ उरला आहे. तेव्हा भाषांतर बदलावे असा याचा निष्कर्ष नाही. समीक्षेने मात्र एवढे पाहावे की जी कल्पना मराठीत परकी म्हणून सांगितली जाते, तिला मराठी राज्यव्यवहारात जागा होती.

मराठी वाङ्मयात ईश्वरी वचनपालनाची सर्वांत मोठी मांडणी झाली ती बायबलच्या भाषांतराच्या सुमारे दोनशे वर्षे आधी. श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरीने मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले ते १८०५ साली. थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील राशोल येथे १६१६ साली छापले गेले होते. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरण पावेपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आधुनिक अभ्यासकांच्या हाती तो आला तो मुख्यतः जोसेफ साल्ढाना यांच्या मंगळूरच्या १९०७ च्या रोमन लिपीतील आवृत्तीमुळे, आणि मराठी वाचकांना देवनागरीत मिळाला तो शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाविषयी जे लिहिले गेले त्यात स्टीफन्सच्या मराठीचे कौतुक आणि वैकुंठासारख्या हिंदू संज्ञांची चर्चा यांचा भाग फार मोठा आहे. रचनेचा विचार त्या मानाने थोडा झाला.

ग्रंथाचे पोर्तुगीज शीर्षक ‘आमच्या तारकाच्या जगातील आगमनाविषयी निरूपण, दोन भागांत’ अशा अर्थाचे आहे. विषय ख्रिस्ताचे चरित्र असा सांगितलेला नाही; विषय आगमन आहे. आणि ज्याचे आगमन व्हायचे त्याची वाट आधी पाहावी लागते. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर या वाट पाहण्यात खर्ची पडले आहेत, दुसऱ्याचे ५९. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक अवस्वर होऊन जाईपर्यंत तारक जन्मास येत नाही. आदिपुरुषाच्या पतनापाशी तारणाची आशा दिली जाते, आणि मग जलप्रलय, कुलपती, मिसर देशातील दास्य, राजे, संदेष्टे असा कथेचा ओघ चालू राहतो. प्रत्येक टप्प्यावर श्रोत्याला वाटावे की आता येईल, आणि तो येत नाही.

पुराणकथेला सवकलेल्या श्रोत्यासाठी ही मांडणी सोपी नव्हती. पुराणात संकट आले की अवतार होतो. गजेंद्राने हाक मारली की गरुडाची वाट न पाहता देव धावतो. विलंब नाही हेच तेथे देवाचे भूषण. स्टीफन्सने पुराणाचे रूप घेतले, ओवी घेतली, श्रोता-वक्ता ही चौकट घेतली, नवख्रिस्ती श्रोतेच पुराण मागतात असा ग्रंथारंभ केला, आणि त्या घरात एक वेगळाच देव आणून बसविला : जो वचन देतो आणि शतकानुशतके थांबतो. ‘करार’, ‘वचन’, ‘भाक’ यांपैकी कोणता शब्द अचूक, हा प्रश्न त्याला अडत नाही, कारण त्याने शब्दाचे काम कथानकावर टाकले आहे. श्रोत्याने ३६ अवस्वर ऐकत बसणे हाच वचनाच्या अर्थाचा अनुभव. भाषांतरकाराला जे एका शब्दात साधायचे होते, ते कवीला कालविस्ताराने साधता आले.

परंतु हा ग्रंथ कोणापुढे वाचला जात होता, हे विसरून त्याचे मूल्यमापन करता येणार नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. जुन्या पोथ्या बाळगणे धोक्याचे झाले होते. पुराणाची ती मागणी या रिकाम्या झालेल्या हातांची मागणी आहे. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रुदोल्फो आक्वाव्हिवा आणि आणखी चार जेजुइटांना ठार मारले. पुढे त्या गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांचा वध झाला. बोलावून मारणे म्हणजे काय, हे साष्टीत कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. ज्या श्रोत्यांनी राज्यकर्त्यांचा शब्द असा मोडलेला पाहिला, त्यांच्यापुढे त्याच राज्यकर्त्यांच्या धर्माचा एक पाद्री, शब्द न मोडणाऱ्या ईश्वराची कथा मांडीत होता. ही विसंगती ग्रंथात कोठेही उच्चारलेली नाही, आणि उच्चारली जाणेही शक्य नव्हते. तिच्यामुळे ग्रंथ खोटा ठरत नाही. पण ईश्वराची निष्ठा आणि तिचा निरोप आणणाऱ्यांची निष्ठा यांत अंतर असू शकते, ही गोष्ट त्या श्रोत्याने ओवीच्या पलीकडे जाऊन स्वतःच सांभाळली असली पाहिजे. ख्रिस्तपुराणाचा खरा कस येथे लागतो. त्याच्या उपमांमध्ये नव्हे.

ग्रंथाची दुसरी मर्यादा अंतर्गत आहे. पहिले पुराण सर्वस्वी दुसऱ्यासाठी आहे. अब्राहाम, मोशे, दावीद हे सगळे वाट पाहणारे आहेत, त्यांना स्वतःचे असे काही मिळत नाही. वचन पुरे झाले की वाट पाहणाऱ्या लोकांचे काय होते, हा प्रश्न स्टीफन्सने विचारला नाही. त्याच्या काळी युरोपातही तो क्वचितच विचारला जात होता. पौलाने तो विचारला होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे नऊ ते अकरा हे अध्याय याच एका चिंतेतून लिहिले गेले आहेत : ईश्वराने आपल्या लोकांना टाकले काय? पौलाचे उत्तर असे की ईश्वराची दाने आणि त्याचे बोलावणे मागे घेतले जात नाही. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात ‘नव्या करारा’चा उल्लेख येतो आणि त्यानंतर चारच ओळींच्या अंतरावर संदेष्टा म्हणतो की सूर्यचंद्रताऱ्यांचे नियम ढळतील तेव्हाच इस्राएलाचा वंश राष्ट्र म्हणून नाहीसा होईल. नवेपणाची घोषणा आणि जुन्याच्या अढळपणाची ग्वाही एकाच श्वासात आहेत. सालगडी बदलण्याचा अर्थ मूळ ग्रंथातच फेटाळलेला आहे. कॅथलिक मंडळीने ही गोष्ट अधिकृतपणे पुढे मांडली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणेत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. युरोपातील यहुद्यांचा संहार होऊन गेल्यानंतर. एका शब्दाचा चुकीचा अर्थ किती महाग पडू शकतो, याचे माप यातून मिळते.

कौल आणि करार हे दोन्ही शब्द राज्यव्यवहारातले. भक्तीच्या मराठीत ईश्वराला बांधून घेणारा शब्द वेगळा आहे : ‘ब्रीद’. तोही मुळात दरबारीच; राजाची बिरुदावली, त्याने मिरविलेली पदवी. पतितपावन, दीनानाथ, अनाथांचा नाथ ही विठ्ठलाची ब्रीदे आहेत, आणि वारकरी संत त्यांचा उपयोग कसा करतात हे सर्वपरिचित आहे. नामदेव ब्रीद ऐकून दाराशी येतो आणि ते खरे ठरत नसेल तर परत निघण्याची भाषा बोलतो. तुकोबा उघड भांडतात. भक्ताने काही पाळले आहे म्हणून देवाने पाळावे, असा दावा कोठेच नाही. भक्त पतित आहे हे गृहीतच आहे. दावा इतकाच की तू आपले नाव लावतोस, ते तुझे तुलाच राखले पाहिजे.

बायबलमध्ये याचे इतके जवळचे प्रतिरूप आहे की त्याकडे मराठी ख्रिस्ती लेखकांचे लक्ष फारसे गेले नाही याचे आश्चर्य वाटते. यहेज्केलच्या छत्तिसाव्या अध्यायात ईश्वर बंदिवासातील लोकांना स्पष्ट सांगतो की मी हे तुमच्यासाठी करीत नाही, माझ्या पवित्र नावासाठी करतो. नाव राष्ट्रांमध्ये बदनाम झाले आहे. ते त्याला परत मिळवायचे आहे. हे शुद्ध ब्रीद आहे. सुवर्णवत्साच्या पापानंतर मोशे रदबदली करतो तेव्हा लोकांच्या बाजूने एक शब्दही काढत नाही. मिसरी लोक काय म्हणतील, आणि अब्राहामाला तू स्वतःची शपथ वाहून काय सांगितले होतेस, एवढेच विचारतो. पंढरपूरच्या महाद्वारात उभ्या असलेल्या माणसाला हा युक्तिवाद शिकवावा लागणार नाही. ‘करार’ हा शब्द येथे नुसता अपुरा पडत नाही, तो अर्थ उलटा करतो; करार एकाने मोडला की दुसरा मोकळा होतो, आणि ब्रीद तर मोडणाऱ्यासाठीच असते.

साम्य येथे संपते हेही सांगितले पाहिजे. ब्रीदाला तिथी नाही. विठ्ठल अठ्ठावीस युगे उभा आहे. त्याचे पतितपावनत्व अमुक दिवशी, अमुक माणसाला, अमुक भूमीविषयी दिलेल्या शब्दावर अवलंबून नाही. बायबलमधील वचनाला दिनांक आहे, गाव आहे, आणि म्हणून ते खोटे ठरण्याची शक्यता आहे. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळाले, दाविदाच्या वंशाचे सिंहासन गेले; तेव्हा एक शाश्वत म्हणून दिलेला शब्द डोळ्यांदेखत राखेत पडला होता. स्तोत्रसंहितेतील एकोणनव्वदावे स्तोत्र या राखेतून बोलते. त्याचा पूर्वार्ध ईश्वराच्या एमूनाची स्तुती पुन्हा पुन्हा करतो, इतकी की वाचकाला ती जड वाटावी. मग एकाएकी सूर पालटतो : तूच टाकलेस, तूच बेरीथ झिडकारलास, तुझी पूर्वीची हेसेद कोठे गेली? ही तक्रार निष्ठेच्या अभावाची नाही. ज्याने पूर्वार्धावर विश्वास ठेवला त्यालाच उत्तरार्ध म्हणण्याचा अधिकार आहे.

मराठी ख्रिस्ती कवितेला या उत्तरार्धापर्यंत जाण्याची वाट खुली होती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. दरबार आला की ब्रीद यायला हवे होते. परंतु टिळकांच्या भक्तिकाव्याचा मुख्य सूर भांडणाऱ्या नामदेवाचा नाही. तो माउलीच्या कुशीत विसावलेल्या लेकराचा आहे. ख्रिस्त माउली झाला की वचनाची आठवण करून देण्याचे कारण उरत नाही. आई काही शब्द दिला म्हणून दूध पाजीत नाही. त्यामुळे त्यांच्या कवितेत फार गोडवा आला हे खरे, पण त्याबरोबर वाट पाहण्यातला ताणही हरवला. स्टीफन्सपाशी विलंब होता, भांडण नव्हते. वारकऱ्यांपाशी भांडण होते, इतिहासातील विलंब नव्हता. टिळक या दोहोंना जोडण्याच्या जागी उभे होते आणि त्यांनी तिसरीच गोष्ट केली.

ही जोड वाङ्मयात न दिसता एका आयुष्यात अंशतः दिसते, म्हणून तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले ते बॉस्टनच्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करले होते त्या आधारावर. हा खरोखरीचा करार : दोन पक्ष, मुदत, रक्कम. तो त्या मंडळाने पाळला आणि १८९८ मध्ये मुदत सरली. दरम्यान १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात जाऊन निराधार मुली केडगावला घेऊन आल्या. वर्धा तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. मुदत संपत आली असताना पोसावयाची तोंडे वाढविणे हे करारशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय नाही. पुढे ‘मुक्ती’ चालले ते निश्चित वेतनाच्या किंवा मुदतीच्या हमीवर नव्हे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्याआधी भाषांतराचे काम पुरे झाले होते, आणि मुक्तीच्याच छापखान्यातून ते १९२४ मध्ये बाहेर पडले. संस्कृत पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द टाळून साधी मराठी निवडावी यात तिचा आग्रह दिसतो. ज्या बाईने दुष्काळात आपल्या जबाबदारीला मुदतीची सीमा मानली नाही, तिच्या भाषांतरातील निष्ठावाचक शब्दांचा ओळीओळीने अभ्यास व्हावयास हवा. पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल एवढे काम त्यात आहे, आणि ते केवळ शब्दसूची करून भागणारे नाही.

एकोणनव्वदाव्या स्तोत्राच्या शेवटी एक आशीर्वचन आणि दुहेरी आमेन आहे. ते स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाचे समापन म्हणून जोडलेले आहे, स्तोत्राचा भाग म्हणून नव्हे, असे अभ्यासक मानतात. ते बाजूला ठेवले तर स्तोत्र अपमानाच्या उच्चारावर थांबते. प्रश्नाला उत्तर मिळत नाही. संग्राहकाने त्या न मिळालेल्या उत्तराखाली ‘आमेन’ लिहिले. म्हणजे एमूनाच्याच धातूचा शब्द, ‘हे ढळत नाही’. त्या ‘आमेन’ला मराठीत आजवर कोणी भाषांतरित केलेले नाही. तो तसाच म्हटला जातो.